आबांच्या गोळ्यांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा. झाकणावर माझ्या निळी फुलं होती. आता तिथे गंज चढलाय. कारखान्यातून निघालो तेव्हा पोटात चॉकलेटं होती, मग सुईदोरे आले आणि शेवटी आबांच्या गोळ्या.

आबांच्या मणक्याला कर्करोग झाला होता. दवाखान्यातून मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या सून माझ्यात ओतून मला उशाशी ठेवी. गोळी लागू पडली की आबा भिंतीला टेकून बसत आणि नातीला चिडवत, "याचं झाकण बघ कसं घट्ट बसतं! तुझ्या तोंडाला असलंच एक करून घेऊ."

नात पंधरा वर्षांची, शाळेच्या व्हॉलीबॉल संघातली. एकदा तिचा घोटा मुरगळला. सामना चुकू नये म्हणून तिने आबांची एक गोळी गुपचूप गिळली. घोटा दुखायचा थांबलाच. शिवाय परीक्षेची धास्ती, मैत्रिणींचे टोमणे, सगळंच कुठेतरी लांब गेलं. पुढे घोटा बरा झाला, पण तिचा हात माझ्याकडे येतच राहिला. गोळ्या कमी दिसू नयेत म्हणून ती आईच्या कॅल्शियमच्या, तशाच दिसणाऱ्या पांढऱ्या गोळ्या माझ्यात टाकू लागली.

आबा कण्हू लागले. उशीचं टोक दातांत धरू लागले.

"आबा, आत्ताच तर गोळी घेतलीत," मुलगा वैतागून म्हणे.

"घरात कुणी आलं की यांचं जास्तच दुखतं," सून स्वयंपाकघरातून म्हणे.

नात खाली मान घालून त्यांचे पाय चेपत बसे. "ही पोरगी तेवढी माझं मनापासून करते," आबा म्हणत. मला ते मुकाट ऐकावं लागे.

एका दुपारी आबांनी गोळी गिळायच्या ऐवजी चावली. नेहमीची कडू असे, ही खडूसारखी लागली. त्यांनी नातीकडे पाहिलं. तिचे डोळे अर्धवट मिटत होते, जीभ जड झाली होती. आबांना सगळं कळलं. मुलगा दारातच उभा होता. आबांनी माझं झाकण लावलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

काही दिवसांनी नात शाळेतून आली, कोचावर आडवी झाली, ती उठलीच नाही. आईने हलवलं तेव्हा ओठ निळे पडले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी घरातली औषधं मागवली आणि मला उपडं केलं. माझ्यातून नुसतं कॅल्शियम सांडलं.

"आबा, तुम्हाला माहीत होतं?" घरी आल्यावर मुलाने विचारलं.

आबांनी होकारार्थी मान हलवली.

"मग बोलला का नाहीत?"

"तू तिला ओरडला असतास रे."

आता मुलगा स्वतःच्या हाताने गोळी देतो. पाठीतली कळ थांबते. मग आबांना शांतपणे त्या दुपारचा विचार करता येतो, आणि ते मला दूर ठेवायला सांगतात.

मित्रांनो, दुसऱ्याच्या औषधाला हात लावू नका. लावला असेल तर आज घरात सांगा. एखाद्या मैत्रिणीचं, भावाचं असं काही कळलं असेल, तर तेही सांगा. ओरडा खाल्लेलं मूल रडतं, रुसतं, जेवायला येत नाही. पण दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन शाळेत जातं.