ओबरमोसचे हलणारे पीस

२ फेब्रुवारी १३९७, सकाळचे नऊ. ओबरमोसच्या चर्चमध्ये एकशे बारा जिवंत माणसे आणि एक मृत बाळ.

बाळ मेख्टिल्डचे. ते जन्मतःच निष्प्राण होते, म्हणून बाप्तिस्मा नाही. बाप्तिस्मा नाही, म्हणून दफनभूमीच्या कुंपणाआत जागा नाही. बाहेर, मेलेली कुत्री पुरत तिथे खड्डा. ही अडचण फादर रुडिगर यांनी कृपावंत होऊन सोडवली होती. वेदीजवळच्या दगडी ओट्यावर बाळ ठेवायचे, तोंडावर तलम कापड, कापडावर बदकाचे पीस. पीस हलले की बाळाने श्वास घेतला. तेवढ्यात बाप्तिस्म्याचे पाणी शिंपडून मोकळे व्हायचे. पुढच्याच क्षणी बाळ पुन्हा मरे, हे चमत्काराच्या दृष्टीने सोयीचेच होते. कापडाखाली डोकावणे पाप होते, तेही सोयीचेच.

बिशप वोल्फहार्ट खांबाशी उभे होते. मठात असताना त्यांनी उष्णता आणि वारा यांवर जाडजूड ग्रंथ लिहिले होते. आज मात्र ज्ञान तळपायांतून चढले. सगळे चर्च गोठलेले, आणि ओट्याजवळची फरशी तेवढी उबदार!

"फादर, खाली काय आहे?"

"स्वर्गाची ऊब, बिशपसाहेब!"

"स्वर्गात लाकडं ओली दिसतात. धूर येतोय."

ते मेख्टिल्डजवळ गेले. "मुली, लेकीला जरा तुझ्याच मांडीवर राहू दे." मग आतल्या खोलीतून त्यांनी एक गुंडाळलेले गाठोडे आणून ओट्यावर ठेवले, वर कापड आणि पीस. "आधी हे. कालच गावातून आलंय."

"ये, चिमुकल्या आत्म्या!" फादर गरजले. "सैतानाचा हात झटकून ये!"

पीस थरथरले, गिरकी घेऊन उडाले.

"घेतला! श्वास घेतला!" गर्दी गुडघ्यांवर कोसळली. फादरांनी घाईघाईने पाणी ओतले.

बिशपांनी कापड उचलले. खाली सलगमाचा एक गोलमटोल कंद होता.

"नाव काय ठेवलंत, फादर?"

"अगंबाई!" लोहारीण ओरडली. "हा तर मी काल बिशपसाहेबांच्या रश्श्यासाठी दिला होता!"

ओट्याचा दगड सरकवला, तेव्हा खाली निखाऱ्यांची शेगडी निघाली. तापलेली हवा हलकी होऊन फटींतून वर चढे आणि पीस उडवी. एवढाच तो आत्मा.

सगळे हसले. मेख्टिल्ड हसली नाही.

"म्हणजे माझी लेक श्वास घेणारच नव्हती?"

"नाही."

"मग ती आता कुठं जाणार?"

नियम बिशपांना तोंडपाठ होता. तो त्यांनीच शिष्यांना शिकवला होता. त्यांनी दफनभूमीच्या कुंपणाकडे बोट दाखवले.

"आत. तुझ्या आईच्या कबरीशेजारी."

"आणि नियम?" फादर किंचाळले.

"सलगमाला स्वर्गात धाडणाऱ्यानं नियमाचं नाव काढू नये. जाब मी देईन." मग ते लोकांकडे वळले. "पिसाला वारा कळतो, जीव कळत नाही. जिथं डोकावायला बंदी असेल, तिथं आधी डोकावा. आणि एका तान्ह्या मुलीला हातभर जमीन द्यायला आपल्याला चमत्कार लागत असेल, तर खोट आपल्यात आहे."

त्या वर्षी ओबरमोसमध्ये श्वास घेतलेली मृत बाळे: शून्य. कुंपणाआत पुरलेली: सात.