राक्षस खाली येतो का?

दहाव्या भागाचं शेवटचं प्रकरण शुक्रवारी सकाळी लिहून पूर्ण झालं. अकरा पानं झाली. चांगली उतरली आहेत असं मीच म्हणतोय, कारण दुसऱ्या कोणी वाचलेली नाहीत. ज्या आत्यासाठी ती लिहिली, ती बुधवारी गेली.

आता हे वरचं काही झालेलंच नाही असं समजू. दीड महिना मागे जाऊ. आत्या आहे. तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या पलंगावर, पाठीला उशा लावून बसली आहे आणि चार वाजून दहा मिनिटं झाली तरी माझा पत्ता नाही म्हणून घड्याळाकडे रागाने बघते आहे. घड्याळाची काही चूक नाही. मला उशीर झालाय.

"या लेखकराव," आत्या म्हणाली. "आज किती ओळी लिहिल्या?"

"एक."

"आणि खोडल्या किती?"

"दोन."

"म्हणजे कालपेक्षा एक कमी. असंच चालू राहिलं तर तुझी पहिली कादंबरीसुद्धा परत घ्यावी लागेल."

माझी पहिली कादंबरी मी चोवीस वर्षांचा असताना छापून आली. तेव्हापासून तीन वर्षं मी दुसरी लिहितोय. तिचं पहिलं वाक्य तयार आहे. ते मी इतक्या वेळा घासलंय की आता त्यात कर्ता आणि पूर्णविराम एवढंच उरलंय. पोटासाठी मिक्सर बनवणाऱ्या एका कारखान्यात माहितीपत्रकं लिहितो. तिथे माझं घोडं कधी अडत नाही. 'झाकण घट्ट बसल्याची खात्री केल्याशिवाय यंत्र सुरू करू नये' हे वाक्य मी एका दमात लिहिलं आणि ते आज घराघरांत आहे. कोणी वाचत नाही, ती गोष्ट वेगळी. कादंबरीलाही ती लागू आहे.

आत्या तेहतीस वर्षं लिफ्ट तपासनीस होती. लिफ्टमधल्या काचेमागे जो कागद असतो, ज्याकडे बघायला माणसाला फक्त अनोळखी माणसाशेजारी उभं राहिल्यावरच सुचतं, त्यावर तिची सही असायची. आता हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी जिना बंद केला होता. इमारतीची लिफ्ट तर तिनेच पूर्वी तपासून अयोग्य ठरवली होती, आणि स्वतःचा निर्णय स्वतःच्या सोयीसाठी फिरवणं तिला मान्य नव्हतं. त्यामुळे ती तिसऱ्या मजल्यावरच राहायची. अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे पोहायची, म्हणून वाचायचं काम माझं. माझी पाळी तीनला सुटायची. चार ते साडेपाच आम्ही वाचायचो.

वाचायचो 'बिनकठड्याचं राज्य'. नऊ भागांची मालिका, वाचनालयात 'इतर' असं लिहिलेल्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर. त्या राज्यात समुद्राने राजीनामा दिलाय आणि तो मंजूर होईपर्यंत कोळी वाळूत बसून आहेत. एका चेटकिणीला शाप आहे की तिच्या तोंडून खरंच निघणार, म्हणून तिला तक्रारींच्या खिडकीत बसवलंय. आणि एक राक्षस आहे. त्याला उंचीची भीती वाटते आणि त्याची नेमणूक राज्यातल्या सगळ्यात उंच मनोऱ्याच्या टोकावर पहारेकरी म्हणून झाली आहे.

"दोनशे बारा पायऱ्या," आत्या म्हणायची, "आणि कठडा नाही. परवाना दिला कोणी?"

"राजाने."

"तो वर चढून गेला होता का?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"नसणारच. मी सांगते, खालीच चहा पिऊन सही केली असणार."

हसताना आत्याचा आवाज व्हायचा नाही. नुसते खांदे हलायचे. मग डोळ्यांतून पाणी, मग चादरीचं टोक डोळ्यांना, मग "हं, पुढे." एवढ्यासाठी मी रोज तीन मजले चढायचो. लिहिण्याचं सगळं अपयश त्या दीड तासात कुठे जायचं कोण जाणे. साडेपाचला खाली रस्त्यावर ते माझी वाट बघत उभं असायचं.

नवव्या भागाच्या शेवटी मनोऱ्याला तडा जातो. राक्षसाला खाली उतरणं भाग आहे. तो उतरतो, सत्त्याण्णवाव्या पायरीवर येतो, चुकून खाली बघतो आणि डोळे मिटून बसतो. खाली चेटकीण उभी. 'भिण्यासारखं काही नाही' असं ती सांगू शकत नाही, कारण ते खोटं आहे. पुस्तक संपलं.

"संपलं?" आत्या म्हणाली. ती उशा सोडून पुढे सरकली होती.

"संपलं."

"मग दहावा भाग आण."

ग्रंथपाल बाईंनी सांगितलं की दहावा भाग नाही. लेखकाने लिहिणं थांबवलंय. शेवटच्या पानावर छापलं होतं की तो सध्या मधमाश्या पाळतो. फोटोत दिसत होता भलताच आनंदी. मी आत्याला सांगितलं, "आहे दहावा. नाव नोंदवलंय. सोमवारी मिळेल." का सांगितलं? ती उशा सोडून पुढे सरकली होती ना, म्हणून.

रविवारी सकाळी मी टेबलाशी बसलो आणि जेवायच्या वेळेपर्यंत सात पानं झाली. तीन वर्षांत न झालेली गोष्ट. लग्न दुसऱ्याचं असलं की माणूस बरा नाचतो, तसं. ही पानं माझी नव्हती. वाईट निघाली तर तो मधमाशीवाला जबाबदार.

पानं नवव्या भागाच्या पुठ्ठ्यात घातली आणि सोमवारी वाचली. राक्षस सत्त्याण्णवाव्या पायरीवरच बसलेला. राजाचा जासूद त्याच्या बदलीचा हुकूम घेऊन वर येतो. कठडा बसवायला सुतार माप घ्यायला येतो आणि तोही खाली बघून तिथेच बसतो. हळूहळू जिन्यावर इतकी माणसं अडकतात की त्यांना स्वतःची पंचायत निवडावी लागते. आत्याचे खांदे हलले. मी पान उलटताना मुद्दाम आवाज करायचो, छापील कागदासारखा.

"हा भाग जरा बरा जमलाय त्याला," आत्या म्हणाली.

"हो का?"

"आधी सारखा शहाणपणा दाखवायचा. आता जरा माणसात आलाय."

मी तीन आठवडे असं लिहिलं. रोज सकाळी कामावर जाण्याआधी दोन-तीन पानं, चारला आत्यापुढे हजर. तेवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण मला वाटायला लागलं की हे चांगलं आहे. हा विचार लिहिणाऱ्याच्या डोक्यात शिरला की घरात उंदीर शिरल्यासारखं होतं, रात्रंदिवस खुडबूड. मी माझ्या जुन्या संपादकांना फोन केला. राज्य बदलीन, राक्षसाऐवजी दुसरं काही करीन, पण माझ्याकडे काहीतरी आहे, म्हटलं.

"पाठवा," ते म्हणाले. "फक्त शेवट तगडा हवा."

त्या दिवसापासून राक्षस जागचा हलेना. शेवट लिहायला बसलो की समोर आत्या दिसायची नाही, संपादकांचा चष्मा दिसायचा. सहा शेवट लिहिले, सहाही फाडले. एकात मनोरा कोसळला. एकात सगळं स्वप्न होतं, तो तर मी फाडून धुतला.

"आज पुस्तक नाही आणलंस?" आत्याने विचारलं.

"वाचनालय बंद आहे. पुस्तकांची मोजणी चाललीय."

"किती दिवस?"

"आठवडाभर."

"बरं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "कच्चं असलं तरी मला चालतं हं."

"छापील पुस्तक कच्चं कसं असेल, आत्या?"

"तेही खरंच. आपलं सहज म्हटलं."

आम्ही वर्तमानपत्र वाचलं. त्यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण ती हसली नाही.

मंगळवारी ती मध्ये मध्ये थांबत बोलत होती. एका वाक्यात दोनदा श्वास घ्यायचा, मग उरलेलं. ताई, म्हणजे माझी आतेबहीण, औषधं आणायला खाली गेली होती. आत्याने मला खुर्ची जवळ घ्यायला सांगितली.

"एवढंच सांग," ती म्हणाली. "तो खाली येतो का?"

"आत्या, आधीच सांगितलं तर मजा जाईल."

"जाऊ दे मजा."

"दोन दिवस कळ काढ. पुस्तक आलं की नीट वाचू. शेवट असा चमच्याने काढून द्यायचा नसतो."

खरं म्हणजे मलाच माहीत नव्हतं तो येतो की नाही. पण ते मी बोललो नाही. मी लेखकासारखा गालात हसलो. असं हसू तेव्हाच येतं जेव्हा माणसाजवळ दुसरं काही नसतं.

"थांबते की," आत्या म्हणाली. "मी कुठे जातेय."

मी तिचा कप विसळून ठेवला आणि पाचलाच निघालो, शेवट लिहायचा होता म्हणून. संध्याकाळभर एक ओळ लिहिली आणि एक खोडली. बुधवारी सकाळी ताईचा फोन आला.

इथवर आल्यावर समजून चालण्याची सोय संपते.

गुरुवारी आम्ही दोघं आत्याच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होतो. मी ताईला म्हटलं, एक सांगायचंय, दहावा भाग वगैरे काही नव्हताच.

"आईला माहीत होतं," ताई म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तू लिहितोस ते. तिसऱ्याच दिवशी कळलं तिला. तुझा तो राक्षस सुताराला म्हणाला ना, पायरीवर बसण्यापूर्वी पायरी कोरडी असल्याची खात्री करावी? तू गेल्यावर आई मला म्हणाली, अगं, हा तर आपला मिक्सरवाला."

मी चादरीची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"मग मला बोलली का नाही?"

"मी म्हटलं तिला, सांग त्याला. तर म्हणाली, इतक्या वर्षांनी चालू झालंय, चालू आहे तोवर हात लावायचा नाही. टोक धर ना नीट."

मी टोक धरलं. मग मला दुसरं काही सुचेना म्हणून विचारलं, लिफ्टमध्ये माणसं अडकायची तेव्हा आत्या त्यांना काय सांगायची?

"घाबरू नका असं कधीच नाही," ताई म्हणाली. "म्हणायची, त्याने माणूस जास्त घाबरतो. ती फक्त आपण कुठे आहोत ते ओरडून सांगत राहायची. मी तळमजल्यावर आहे. आता जिना चढतेय. आता दाराबाहेर उभी आहे. मी लहान असताना एकदा बरोबर गेले होते, आतला माणूस रडायचा थांबला होता."

शुक्रवारी सकाळी मी लिहायला बसलो. चेटकीण जिना चढायला लागते. मी पहिल्या पायरीवर आहे, ती ओरडते. मी चाळिसाव्या पायरीवर आहे, मला दम लागलाय आणि मला ही नोकरी आवडत नाही. मी शहाण्णवाव्या पायरीवर आहे. तू पडलास तर माझ्यावर पडशील. ते मला आवडणार नाही. राक्षस मुळात भिडस्त. तो एक डोळा उघडतो, खाली न बघता फक्त तिच्याकडे बघतो आणि बसल्या बसल्या एकेक पायरी उतरायला लागतो, प्रत्येक पायरीला "माफ करा" म्हणत. मागून सुतार, जासूद आणि अख्खी पंचायत. अकरा पानं. एकदाही खोडलं नाही.

संपादकांचा फोन दोनदा येऊन गेला. मी उचलला नाही. प्रकरण चांगलं आहे, पण आत्याने प्रकरण मागितलंच नव्हतं. तिने विचारलं होतं, येतो का. त्याला दोन शब्द लागत होते. मी तिला पुस्तकाच्या शिस्तीवर व्याख्यान दिलं.

मग बाराव्या कोऱ्या पानावर मी हे लिहिलं. माहितीपत्रकासारखं हेही एका दमात झालं.

प्रति,
माननीय प्रमुख अधिकारी,
गेलेल्या वेळेचा विभाग.

विषय : गेल्या मंगळवारची दुपार अर्ध्या मिनिटापुरती पुन्हा उघडून मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

वरील दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी अर्जदारास एक प्रश्न विचारण्यात आला होता. अर्जदाराने त्याचे उत्तर दिले नाही. उत्तर तयार नव्हते हे खरे. तथापि 'हो, येतो' म्हणण्यास कोणतीही तयारी लागत नाही, ही बाब अर्जदाराच्या उशिरा लक्षात आली.

तरी सदर दुपार तेवढ्यापुरती उघडून द्यावी. प्रकृती, औषधे अथवा पुढील दिवस यांत कोणताही बदल मागितलेला नाही. ते आपल्या अखत्यारीत येत नाही याची अर्जदारास जाणीव आहे. मिळालेल्या मुदतीत अर्जदार विनोद करणार नाही, गालात हसणार नाही आणि पाच वाजण्यापूर्वी उठणार नाही. काम होताच दुपार आहे त्या स्थितीत परत करण्यात येईल.

अर्जाचा निर्णय प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीस परस्पर कळवल्यास अर्जदाराची हरकत नाही. किंबहुना तसेच करावे, ही नम्र विनंती.

अर्जदार,
भाचा