दोनशे पावलं चुकलेली खुंटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुंटी आहे. डोक्याला लाल रंग, अंगावर सात आकडा. एवढीशी खुंटी काय सांगणार, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्यामुळे एक मोठी वाट चुकली.

गावाबाहेरचा रस्ता रुंद होणार होता. जनावरं गाड्यांखाली येऊ नयेत म्हणून त्याच्याखालून एक भुयार ठरलं. त्याची जागा शोधायला एक बाई वर्षभर खुरांचे ठसे मोजत फिरल्या. हरणांची पायवाट रस्त्याला मिळते, तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने मला ठोकलं. म्हणाल्या, "बयो, इथून हलू नकोस हं." मला केवढा अभिमान वाटला!

आठवड्यातच तिथल्या राखणदाराने मला आपली शेळी बांधली. पाल्याकडे ओढ घेत तिने मला उपटलं. मग त्याने मला दोनशे पावलं पलीकडे, झाडाच्या सावलीत ठोकलं. शेळीला ऊन लागू नये म्हणून!

"अहो, ती मॅडमची खुंटी ना? सांगा की त्यांना," त्याची बायको म्हणाली.

"उद्या सांगतो. तुझ्या लाडकीला आधी सावलीत बसू दे."

तो उद्या उजाडलाच नाही. मुकादम आला. "नकाशात जागा अलीकडे दिसते," एक मजूर म्हणाला.

"नकाशा कागदावर असतो, खुंटी जमिनीत. खणा इथंच!"

राखणदार शेजारीच होता. दावं हाताला गुंडाळून त्याने शेळी बाजूला घेतली.

भुयार देखणं झालं. फोटो निघाले. मला गवतात फेकलं.

नंतर कुंपणवाले आले. ते पक्के नकाशाचे. त्यांनी भुयाराच्या तोंडावरून जाळी नेली आणि पायवाटेपाशी, जिथे भुयार नव्हतंच, तिथे फट ठेवली. फटीच्या खांबाला टेकू म्हणून मलाच गवतातून उचलून आणून ठोकलं. मी माझ्या खऱ्या जागी परत आले, पण आता काय उपयोग?

एका संध्याकाळी हरणी पाडसाला घेऊन आली. आईच ती. पाडसाला माझ्याजवळ थांबवून, वाट बरी आहे ना, हे बघायला आधी स्वतः रस्त्यावर चढली. ब्रेक करकचले. पाडस अंधार पडेपर्यंत माझ्याशेजारी उभं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. माझ्यावरची माती त्यांनी अंगठ्याने पुसली. "तू तर इथेच आहेस गं. मग भुयार तिकडे कसं गेलं? माझं चुकलं कुठे?"

मला तोंड नाही. ज्याला होतं, तो शेळी घेऊन दुसऱ्या कामावर गेला होता.

फट बंद करण्यासाठी बाईंनी अर्ज दिला. तो टेबलांवरून फिरतो आहे. तोवर त्यांनी फटीला एक आडवी दोरी बांधली, एक टोक माझ्याच गळ्यात. हरणं तिच्यावरून सहज उडी मारतात आणि थेट रस्त्यावर येतात. रोज.

मित्रांनो, खुंटीला पाय नसतात. ती हलली असेल, तर कुणीतरी हलवलेली असते. तुमच्या हातून कधी हलली, तर सांगून टाका. त्याच दिवशी सांगा.