समासातल्या तीन ओळी

आनंदीने झेरॉक्सचा कागद टीपॉयवर ठेवला आणि पंख्याने उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा ग्लास टेकवला.

"काका, एवढंच सांगा. हे अक्षर तुमचं ना?"

दिनकरराव शितोळे खिडकीबाहेर बघत राहिले. महसूल खात्यातून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. बडोद्यातल्या वासणा भागातल्या त्यांच्या घरी आनंदीची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळी त्यांनी तिला चहा पाजला होता, तिच्या वडिलांची आपुलकीने चौकशी केली होती आणि फाटकापर्यंत पोचवून परत पाठवलं होतं.

आनंदी खानविलकर बडोद्याच्या एका गुजराती दैनिकात, इथल्या बोलीत छाप्यात, वार्ताहर होती. तरसालीत सरकारी दवाखान्यासाठी राखलेली जमीन एका मंत्र्याने आपल्या मेहुण्याच्या कंपनीला देववली, हे तिने सात महिने खपून शोधून काढलं होतं. मंत्री साधासुधा नव्हता. मुख्यमंत्र्यांच्या खालोखाल त्याचाच शब्द चाले. त्याची सही मात्र एकाही कागदावर नव्हती. त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या होत्या त्या फक्त जुन्या फायलीच्या समासातल्या तीन ओळी आणि खाली कुणाची तरी न लागणारी आद्याक्षरं.

"मला नाही आठवत," दिनकरराव म्हणाले.

स्वयंपाकघरातून कमलाबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांनी ग्लास उचलून बाजूला ठेवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला.

"अहो, असं काय करता? तुमचंच आहे. भाजीच्या यादीत रोज बघते मी हे अक्षर."

"कमल, तू आत जा."

त्या गेल्या नाहीत. एकेक शब्द सुटा करत मोठ्याने वाचू लागल्या.

"'आ जमीन दवाखाना माटे छे. मंत्रीश्रीए पोते फोन करीने बीजाने आपवानुं कह्युं छे. हुं सही नहीं करुं.'"

जमीन दवाखान्यासाठी आहे, मंत्र्यांनी स्वतः फोन करून ती दुसऱ्याला द्यायला सांगितलंय, मी सही करणार नाही. त्याखालची तारीख वाचून त्या थांबल्या. ओठांतल्या ओठांत त्यांनी काही हिशेब मांडला आणि हळूच खुर्चीवर बसल्या.

"म्हणजे आहव्याची बदली यामुळे?"

दिनकररावांनी चष्मा काढला, काचा पुसल्या, परत चढवला.

डांगच्या जंगलातल्या आहव्याला ते दोघं पाच वर्षं राहिले होते. मुलं बडोद्यात मामाकडे. मामा, म्हणजे कमलाबाईंचे भाऊ मानसिंगराव, चारचौघांत म्हणायचे, भाऊजींनी कामात काहीतरी गोंधळ घातला असणार, उगाच कुणाला इतक्या लांब टाकत नाहीत. कमलाबाई ते खाली मान घालून ऐकत आल्या होत्या. अकरा वर्षं.

"मला का नाही सांगितलंत?"

"मुलं लहान होती. तू म्हणाली असतीस, करून टाका सही."

कमलाबाईंनी त्यावर खरोखरच विचार केला.

"म्हणाले असते," त्या म्हणाल्या. "बरं केलंत, नाही सांगितलंत ते."

आणि एकदम त्यांना हसू फुटलं. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या हसत राहिल्या. दिनकरराव गोंधळून त्यांच्याकडे बघत होते. मग तेही हसले. आनंदीला कुठे बघावं कळेना. पण तिचाही चेहरा फुलून आला होता.

"काय सही पाहिजे तुझ्या छाप्याला?" कमलाबाईंनी विचारलं.

आनंदीने टाइप केलेलं निवेदन पुढे केलं. दिनकररावांनी ते दोनदा वाचलं, एका ठिकाणी चुकलेली वेलांटी दुरुस्त केली आणि पूर्ण नाव लिहून सही केली. या वेळी आद्याक्षरं नव्हती.

"साक्षीदार म्हणून कोण?"

"शेजारचे कुणी चालतील, काकू."

"शेजारचे कशाला? आहव्याला काय शेजारचे आले होते?" त्यांनी पेन ओढून घेतलं.

आनंदी चपला घालत असताना आत कमलाबाई भावाला फोन लावत होत्या.

"दादा, उद्याचं छापं घे. नाही, आमच्याकडचं नाही मिळणार. विकत घे."

बातमी पहिल्या पानावर आली. मंत्र्याने आरोप धुडकावले, दैनिकाला नोटीस धाडली, विरोधकांना दोष दिला. पण फोन करून कुणी सांगितलं हे आता एक माणूस नावानिशी सांगत होता. पाचव्या दिवशी मंत्र्याने प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा दिला. अलकापुरीतल्या कचेरीत संपादक मुकुंदभाईंनी सगळ्यांसाठी जिलेबी-फाफडा मागवला. गोंगाटात आनंदीच्या टेबलावरचा फोन वाजला. चिकट बोटं रुमालाला पुसत तिने तो उचलला.

"बातमीवाल्या आनंदीबेन ना?" आवाज वयस्कर बाईचा होता, बोलणं मराठी. "मी लता मोहिते. आमचे हे पाटबंधाऱ्यात होते. तुमचं ते छापं रोज उघडतात, घडी घालतात, परत उघडतात. काय झालं विचारलं तर म्हणतात, काही नाही."

"त्यांच्याशी बोलू का मी?"

"अजिबात नको. लगेच घराबाहेर पडतील." बाईंनी आवाज खाली आणला. "उद्या अकराला या. मी पुरणपोळी करतेय, म्हणजे ते कुठे जायचे नाहीत."

आनंदीने जिलेबीची बशी बाजूला सारली आणि वहीचं कोरं पान काढलं.

"पत्ता सांगा, काकू."