पाठीमागे जाणारा हात

"अहो, हात आहे तो माझा, बसमधला दांडा नव्हे. सोडा जरा!"

बायको म्हणाली आणि नाचाच्या वर्गातल्या आरशासमोरच्या सगळ्या जोड्या थांबल्या. प्लास्टरवाल्याने पकड सैल केली; आपली नवी छत्री दुसऱ्याच्या हाती देताना माणसाचा होतो तसा चेहरा करून.

हाडांच्या दवाखान्यात तो प्लास्टर घालायचा. मोडलेला हात एकदा त्याच्या पंजात आला की डॉक्टरही 'सोड' म्हणायला धजत नसत. पेशंट ओरडो, नातेवाइकाला चक्कर येवो, याचं एकच वाक्य: "हलायचं नाही!" गेल्या वर्षी बायको ओल्या जिन्यावरून घसरली आणि तिचा डावा दंड खांद्यापाशी मोडला, तेव्हा तिलाही हेच ऐकवून त्याने तो बांधला होता. हाड कधीच जुळलं. याची पकड मात्र अजून उतरली नव्हती. पिशवी उचलू नकोस, वरच्या फळीला हात लावू नकोस, ड्रेसची पाठीवरची चेन मी लावतो.

डॉक्टर म्हणाले, खांदा हलता ठेवा. तिने सालसाच्या वर्गात नाव घातलं. हा देखरेखीला आला आणि जोडीदार होऊन बसला. साध्या पावलांपर्यंत ठीक चाललं. त्यात बायको समोर दिसत असे. मग वर्ग जरा वरच्या पायरीवर गेला आणि 'हॅमरलॉक' आला. नाव ऐकूनच प्लास्टरवाल्याचा रंग उतरला. एक हात उंच धरायचा, त्याखालून बाईने गिरकी घ्यायची. खालचा हात मात्र सोडायचा नाही, तो तिच्या गिरकीबरोबर तिच्या पाठीमागे कमरेशी जातो. मग उलटी गिरकी, की सगळं सुटतं. खालचा हात म्हणजे तिचा डावा. नेमका तोच.

"वहिनी, आमच्याकडे या," शेजारच्या जोडीतले टायरवाले पोट सावरत म्हणाले. "चाकं फिरवण्यातच जन्म गेलाय आमचा."

"येईन की. आज यांना जमलं नाही, तर हे बाकावर आणि मी तुमच्याकडे."

सगळे हसले. प्लास्टरवालाही हसला, पण नुसत्या दातांनी. तिच्या बोलण्यात थट्टा किती आणि ठराव किती, हे त्याला लग्नापासून कळत होतं. ठरावच जास्त होता. आणि टायरवाल्यांचे हात त्याने पाहिले होते. नट आवळणारे हात ते.

पुन्हा संगीत लागलं. बायको गिरकीला वळली, हात पाठीमागे निघाला आणि निम्म्यावर प्लास्टरवाल्याचा पंजा आवळला.

"हलायचं नाही!"

आवाज असा वॉर्डातला, की आख्खा हॉल जागच्या जागी थिजला. शिकवणारी मुलगीसुद्धा एका पायावर उभी राहिली. मग हशा फुटला. बायको तेवढी हसली नाही. ती त्याला खिडकीपाशी घेऊन गेली.

"काय दिसतं हो तुम्हाला, मी फिरले की?"

"एक्स-रे," तो म्हणाला.

"अजूनही?"

"खांद्याकडे बघतो तर ती चीरच दिसते."

"हात मागे जातो माझा. रोज आंघोळीनंतर करून बघते, दार लावून."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मदतीला आला असतात."

तेवढ्यात शिकवणारी मुलगी आली. "काका, धरू नका. बोटांचा नुसता हुकासारखा आकडा करा. त्या फिरतील तशी तुमची बोटं त्यांच्या हातात फिरू द्या."

प्लास्टरवाल्याने विचार केला. "म्हणजे बँडेजच्या रोलसारखं? ओढायचं नाही, अंगावरून सोडत जायचं?"

"असेल," जन्मात बँडेज न गुंडाळलेली ती मुलगी म्हणाली.

या खेपेला त्याने खांद्याकडे पाहिलंच नाही. तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती हाताखालून गेली, डावा हात सहज वळला, पाठीमागे कमरेशी येऊन त्याच्या दोन बोटांत विसावला. काहीही मोडलं नाही. तिने त्याच खांद्यावरून मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, डोळा बारीक केला आणि उलटी गिरकी घेऊन मोकळी झाली.

प्लास्टरवाल्याने वर्षभर कोंडलेला श्वास सोडला. तो बाकीच्यांनाही ऐकू गेला.

"बसलं चाक!" टायरवाले ओरडले.

तो हसत हसत बाकावर जाऊन बसला. न जमण्याची शिक्षा त्याने जमल्यावर भोगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर निघण्याआधी, रोजच्याप्रमाणे हात पुसून तो बायकोच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. ती आरशासमोर होती. तिचा डावा हात आधीच मागे आला होता. चेन वर सरकली आणि निम्म्यावर अडली. त्याची बोटं पुढे झाली.

"हलायचं नाही," आरशातून ती म्हणाली.

तो थांबला. चेन जरा कुरकुरली, मग सरळ मानेपर्यंत गेली. ती पर्स घेऊन बाहेर पडली. प्लास्टरवाल्याने आपले कोरडे हात पुन्हा एकदा टॉवेलला पुसले.