कोळंबी सोलणाऱ्या बावीस जणी

किशोरीला हॉलची इनचार्ज केलं त्या सोमवारपासून तिच्या मनात जी भीती बसली ती बसलीच. सकाळी करंजाड्याच्या घरातून निघताना घोटभर चहासुद्धा खाली उतरेना.

पनवेलबाहेरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात कोळंबी गोठवण्याचा तो प्लान्ट होता. बावीस बायका लांब टेबलांशी उभ्या राहून कोळंबी सोलायच्या. किशोरी मूळची उरणजवळच्या करंजाची, कोळ्याची पोर. बारा वर्षं तीही त्याच टेबलाशी उभी होती. आधीचा इनचार्ज मिथुन काम सोडून गेला, तेव्हा मॅनेजर भावेश साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"उद्यापासून तुम्ही बघायचं. आणि बायकांना वचकात ठेवा, नाहीतर डोक्यावर बसतील."

वचक म्हणजे काय, हे तिने मिथुनकडूनच पाहिलेलं. म्हणून तीही ओरडायला लागली. ओरडताना आपल्या तोंडून मिथुनच बोलतोय असं तिला वाटायचं, पण थांबायचं धाडस होत नव्हतं. ती हॉलमध्ये शिरली की बायकांच्या गप्पा तटकन तुटायच्या. कालपर्यंत ज्या तिच्या डब्यातली सुकी मासळी खायच्या, त्या आज मान वर करून बघत नव्हत्या.

त्यात डोक्यावर ते पाइप. छताखालून, थंडाव्यासाठी लागणाऱ्या विषारी अमोनिया गॅसचे जाड पाइप गेलेले. इतकी वर्षं तिने त्यांच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. आता नजर सारखी तिकडेच जायची. काही झालं तर या बावीस जणी तिच्या भरवशावर होत्या.

दुसऱ्या आठवड्यात भामाच्या पांढऱ्या हातमोज्यावर लाल डाग दिसला. भामा हॉलमधली सगळ्यात जुनी बाई. किशोरीने मोजा काढायला लावला. बोट खोल कापलेलं, वर नुसती चिंधी गुंडाळलेली.

"कधी लागलं हे?"

"काल."

"मला सांगितलं का नाही?"

भामाने तिच्याकडे सरळ पाहिलं. "मिथुनला सांगितला का तो घरी हाकलायचा. तूपन त्याच्यासारखीच वरडतेस गो. कोन सांगंल तुला?"

 भामाच्या बोलण्याचा रागही आला नाही, इतकी किशोरी घाबरली. एक कापलेलं बोट या लपवतात, मग आणखी काय काय लपवत असतील? उद्या गॅसचा वास आला तरी यांच्यापैकी एकही बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी कामाआधी तिने सगळ्यांना गोळा केलं. बोलताना आवाज कापत होता आणि तो तिने लपवला नाही.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "या पाइपांची वाटते, साहेबांची वाटते. त्या भीतीपायी मी तुमच्यावर ओरडले. चुकलं माझं. आजपासून एकच सांगते. कुणालाही वास आला, डोळे चुरचुरले, काहीही वेगळं वाटलं, तर 'बाहेर' म्हणून ओरडायचं. काल कामाला लागलेलीनेसुद्धा. सगळ्यांनी हातातलं टाकून गेटाबाहेर जायचं. कोण ओरडलं, का ओरडलं, हे मी विचारणार नाही. साहेबांनाही विचारू देणार नाही."

 मागे कोणीतरी फिसकन हसलं.

पाच दिवसांनी, भर अकराला, फरिदा ओरडली, "बाहेर!"

फरिदा पनवेलची. कामाला लागून आठवडाही झाला नव्हता. क्षणभर सगळ्या नुसत्या किशोरीकडे बघत राहिल्या. किशोरीने हातातला लिहायचा पॅड टाकला आणि दार उघडून धरलं. बावीसच्या बावीस बाहेर पडल्या.

प्लान्टची मशिनं नझीरभाई सांभाळायचे. त्यांनी अर्धा तास सगळे पाइप तपासले. काहीच सापडलं नाही. लादी पुसायच्या औषधाचा वास आला असावा. तेवढ्या वेळात बर्फातून काढलेली कोळंबी नरम पडली आणि दुपारचा कंटेनर अडकला.

भावेश साहेब हॉलच्या दारातच आले. "कोण ओरडलं?"

 नाव सांगितलं की किशोरीची सुटका होती. टेबलाच्या टोकाला फरिदा ओढणीचं टोक तोंडात धरून उभी होती.

"ते विचारू नका साहेब. नियम माझा आहे. बोलायचं ते मला बोला."

"परत असं झालं तर या जागेवर तुम्ही नसाल."

"बरं," ती म्हणाली. मग ती बाथरूममध्ये गेली आणि भिंतीला धरून उभी राहिली. दहा मिनिटं ती बाहेर आली नाही.

त्यानंतर एक गोष्ट झाली. बायका बोलायला लागल्या. मागच्या नळाला शॉक बसतो, एकीने सांगितलं. रोशनीला चौथा महिना लागलाय आणि तिला उभं राहवत नाही, हे तिनेच येऊन सांगितलं. किशोरीने तिला बसायला स्टूल दिलं. फरिदा सगळ्यांच्या आधी येऊन हॉलचं दार आतून नीट उघडतं का ते बघून ठेवायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तो गुरुवार आला. जेवणाची सुट्टी संपून वीस मिनिटं झाली असतील. कंप्रेसरच्या बाजूने फट्‌ असा आवाज आला, पाठोपाठ गॅस सुटल्याची जोराची फुसफुस. पुढच्याच श्वासाला नाकात सुया शिरल्यासारखं झालं.

"बाहेर!" या वेळी तिघी-चौघी एकदम ओरडल्या.

चेंगराचेंगरी झाली नाही. भामाने टबातल्या पाण्यात फडकी बुडवून पुढे केली, बायकांनी ती तोंडाला लावली. दोघींनी रोशनीला मधे धरलं. किशोरी दाराशी उभी राहून पाठीवर हात ठेवत एकेकीला बाहेर काढत होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, समोरचं धड दिसत नव्हतं. आतून आणखी कुणी येईना, तेव्हा तीही धावली.

गेटाबाहेर, वारा ज्या बाजूने येत होता तिथे जाऊन तिने मोजलं. एकवीस. परत मोजलं. एकवीस.

"ठमाबाई कुठाय?" फरिदाच्या तोंडून किंकाळीच निघाली.

 ठमाबाईला एका कानाने ऐकू येत नव्हतं. किशोरी गेटाकडे वळली तशी भामाने तिचा दंड घट्ट पकडला. "तू नाय जायाचा. जीव जाईल तुजा. हितं आमाला कोन बघंल?"

तेवढ्यात नझीरभाई आले. कंप्रेसर बंद करून ते पळत आले होते, पाठीवर हवेची टाकी, हातात मास्क. "फायर ब्रिगेडला वेळ लागेल. या टाकीत दहा मिनिटांची हवा आहे. शोधत फिरलो तर तीही जाईल आणि मीही. ती नेमकी कुठं असेल ते सांगा, जल्दी."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी बोलेना. किशोरीला ती शांतता ओळखीची होती. मिथुनच्या वेळची. त्या गॅसपेक्षाही तिला त्या शांततेची भीती वाटली.

"मी काही विचारणार नाही," ती रडत म्हणाली. "कुणालाही काही होणार नाही. शपथ आहे माझी."

"थर्माकोलच्या पेट्या रचल्यात ना, त्या खोलीत," फरिदा म्हणाली. "अगदी मागे. सुट्टीनंतर ती तिथे मशेरी लावायला बसते. आम्हा सगळ्यांना माहीत आहे."

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. प्लान्टमध्ये ती आणली तर त्याच दिवशी काम जायचं.

नझीरभाई मास्क चढवून आत शिरले. किशोरीने वेळ बघायला मोबाइल काढला, पण डोळ्यांतल्या पाण्याने आकडे दिसेनात. वरून विमान गेलं, त्या आवाजात आतलं काहीच ऐकू आलं नाही. कुणी देवाचं नाव घेत होतं, फरिदा दुआ पुटपुटत होती. किशोरीला काहीच आठवेना. ती नुसती दाराकडे बघत राहिली.

सहाव्या मिनिटाला नझीरभाई ठमाबाईला खांद्यावर घालून बाहेर आले. बायकांनी तिला सावलीत झोपवून तिच्या डोळ्यांवर पाण्याच्या बाटल्यांमागून बाटल्या ओतल्या. ती खोकली, ओकली, मग पुन्हा खोकली. अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा ती किशोरीचा हात सोडायला तयार नव्हती. "साहेबाला नको सांगू," घोगऱ्या आवाजात ती एवढंच म्हणत होती.

ठमाबाई वाचली, पण तिचा आवाज बसला तो पुरता सुटला नाही आणि ती कामावर परत आली नाही. रोशनीच्या घरच्यांनीही तिला पाठवलं नाही.

दहा दिवसांनी प्लान्ट पुन्हा सुरू झाला. भावेश साहेब गेटावर उभे होते. आत जायची वेळ झाली आणि किशोरी गेटातच थांबली.

"साहेब, हॉलला दुसरं बाहेर जायचं दार हवं. आणि गॅसचा भोंगा हवा. त्याशिवाय मी कुणाला आत नेणार नाही."

"आणि ह्या? ह्या तर येतील ना कामाला?" साहेबांनी बायकांकडे पाहिलं.

भामा गेटासमोरच्या कठड्यावर बसली. तिच्या शेजारी फरिदा बसली, मग एकेक करत बाकीच्या.

 साहेबांनी खिशातून फोन काढला आणि दार बसवणाऱ्याला मोजमाप घ्यायला बोलावलं.

किशोरी भामाच्या बाजूला बसली. तिचे हात अजून गार होते. भामाने ते आपल्या दोन्ही हातांत धरले आणि चोळू लागली.