हिरवा तेजोमेघ

सुमेधानं फ्रेमवरचा खाकी कागद टरकन फाडला आणि तिचा हात तसाच थांबला.

"अहो, हे हिरवं का?"

भारत चहाचा कप घेऊन दारातच उभा राहिला. "कुठं हिरवं?"

"कुठं म्हणजे? सगळंच! सोनेरी केलंय म्हणाला होतात ना?"

चित्र मृग नक्षत्राशेजारच्या तेजोमेघाचं होतं. मध्ये पोकळ, भोवती पाकळ्या, हुबेहूब फूल. भारतनं ते नवीन जालन्यातल्या आपल्या गच्चीवरून टिपलं होतं, तेही रस्त्यावरच्या दिव्यांच्या झगमगाटात. त्याचे तीन फिल्टर हायड्रोजन, गंधक आणि ऑक्सिजन यांचा तेवढा प्रकाश आत सोडतात. बाकीच्या उजेडाला मज्जाव. हाती येतात ते तिन्ही फोटो काळेपांढरेच. रंग नंतर आपण द्यायचे. हायड्रोजनला हिरवा द्यायची रीत आहे, आणि हायड्रोजन असतो उदंड, म्हणून तो हिरवा उतरवत उतरवत सोनेरीवर आणावा लागतो. एरवी भारत हे काम आकडे पाहून करी. या वेळी फ्रेमवाल्याची घाई होती आणि त्यानं नेमका स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला.

उद्या हे चित्र वडीगोद्रीला, सुमेधाच्या शाळेत लागायचं होतं. पण भारतला धास्ती शाळेची नव्हती. तरुणपणी तो रेल्वेत इंजिन चालवायच्या नोकरीसाठी गेला होता. लेखी परीक्षा पास झाला आणि डोळ्यांच्या तपासणीत पडला. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा त्याला दिसलाच नाही. आपल्याला तांबडं-हिरवं वेगळं ओळखू येत नाही, हे त्याला तिथं पहिल्यांदा कळलं. घरी मात्र त्यानं लेखीतच नापास झाल्याचं सांगितलं. लग्नाआधी सुमेधाला सांगायचं राहिलं, आणि पुढं दरवर्षी ते जास्तच अवघड होत गेलं. डोळ्यानं अधू, हे शब्द त्याला तिच्या तोंडून ऐकायचे नव्हते.

"एवढं हिरवं तुम्हाला दिसलं कसं नाही?" सुमेधानं सहजच विचारलं. भारतचा चहा बशीत सांडला.

तेवढ्यात वसंतामामा आले. हे भारतच्या आईचे भाऊ. शहागडहून येताना मळ्यातले पिशवीभर टोमॅटो आणायचे आणि त्यातले निम्मे कच्चे निघायचे, हे ठरलेलं. 'पिकलेले बाजाराला, कच्चे भाच्याला,' अशी आई त्यांची थट्टा करी.

मामांनी पिशवी ठेवली आणि ते फ्रेमपुढं उभे राहिले.

"वा रे पठ्ठ्या! झेंडूवानी पिवळंजर्द. बिलकुल सोनं दिसून राह्यलंय."

"मामा, चेष्टा नका करू. आधीच त्यांचं तोंड उतरलंय," सुमेधा म्हणाली.

"चेष्टा कशाची, सूनबाई?" मामा खरोखरच गोंधळले.

भारतनं कप खाली ठेवला. पिशवीतले दोन टोमॅटो काढून त्यानं मामांपुढं धरले.

"मामा, यातला पिकलेला कोणता?"

मामांनी दोन्ही अंगठ्यानं हलकेच दाबले. "ह्यो."

"न दाबता सांगा."

"न दाबता कसं सांगावं? मंग दाबतात कशाला लोकं?"

भारतला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. तोही बाजारात दाबूनच घ्यायचा आणि निम्म्या वेळा फसायचा. मामांनी जन्मभर शेती केली, पोरींची लग्नं लावली, आणि कुणी त्यांना अधू म्हटलं नाही. त्यांना स्वतःलाही ते कधी सुचलं नव्हतं.

"सुमेधा, मला बी तसंच दिसतं," तो म्हणाला. "पहिल्यापासून. रेल्वेत त्याच्यामुळंच राह्यलो. लेखीत पास झाल्तो मी."

सुमेधानं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा मामांकडं.

"एवढंच?" ती म्हणाली. "अन् मी इतकी वर्षं समजत होते, माझ्या साड्यांकडं तुमचं लक्षच नसतं."

भारतच्या छातीवरचा धोंडा उतरला. सुमेधानं कॉम्प्युटरपुढं दुसरी खुर्ची ओढली.

"बसा. काय कुठं टाकायचं ते तुम्ही सांगा. हिरवं कधी गेलं, ते मी सांगते."

"अन् ह्ये?" मामांनी फ्रेमवर हात ठेवला.

"ते चुकलंय, मामा. टाकून देऊ."

"टाकता कशाला? मी न्हेतो शहागडला." मामा फाटका खाकी कागद पुन्हा फ्रेमभोवती गुंडाळू लागले. "मला तर बराबर दिसून राह्यलंय."